दोरीवरून मोजलेलं गाव

नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे दहा. हजर : मी, माझ्या शाळेतले शर्माजी, गेरूचा डबा, आणि न बोलावता आलेली एक सत्तरीची बाई. फरीदाबादपुढच्या एका गावाची जनगणनेची घरयादी आम्हा दोघा शिक्षकांकडे होती. बाईला कुणी काम दिलं नव्हतं. तिने ते घेतलं.

पहिल्याच दारात मी विचारलं, घरात किती जण? खाटेवरचा माणूस म्हणाला, "पाँच."

तिने मान वर करून अंगणातली कपड्यांची दोरी न्याहाळली. "पाँच? कपड़े तो आठ के सूख रहे हैं."

"चाची, बाकी तो छोरियाँ हैं."

"तो छोरियाँ हवा में सोती हैं? मैंने ही तुझे खींच के निकाला था, मुझसे गिनती छुपाता है? लिख, मास्टरनी."

मी आठ लिहिले. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. तिच्याशी वाद कोण घालणार?

तुम्हीही कधी असल्या यादीला निघालात, तर फॉर्म नंतर उघडा, आधी दोरी बघा. झबलं दिसलं की पुरुषांच्या मोजणीत अजून न आलेलं बाळ. पहारेकऱ्याचा निळा शर्ट म्हणजे गुडगावला राहून सुट्टीला घरी येणारा मुलगा. अगदी टोकाला विटकी ओढणी असेल, तर आत एक म्हातारी आहे आणि तिला सगळे विसरलेत.

शर्माजी कुरकुरले, "मैडम, हमारा काम पूछना है, झाँकना नहीं."

"तू पूछ, बेटा," ती म्हणाली. "झाँकने को हम हैं."

दुपारी तिच्या पुतण्याच्या घरी पोचलो. अंगणाच्या कोपऱ्यात तिची एक खोली. पुतण्याने सांगून टाकलं, "हम छह, और चाची. सात लिखिए."

तिने माझ्या फॉर्मवर हात ठेवला. मग म्हणाली, "मेरा चूल्हा अलग है."

आमचा नियम तोच होता : चूल वेगळी, तर कुटुंब वेगळं. पुतण्या हसला. "आधे दिन तो हमारे यहाँ खाती हो! आज नंबर अलग, कल कोठरी माँगोगी."

"कोठरी तेरे चाचा ने मेरे लिए बनाई थी. माँगूँगी किससे?"

ती वळली. खोलीत गेली, चूल पेटवली, तीन पेले चहा केला. शर्माजींनी पहिला घोट घेतला, पेला उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतःच्या हाताने तिच्या दारावर गेरूने ५८ काढला. तिला वाचता येत नव्हतं. आकड्याखाली बोट फिरवत तिने विचारलं, "ये मैं हूँ?"

"हाँ. घर की मुखिया."

तिने लगेच शेजारणीला हाक मारली. "अरी, आ के देख!"

मार्चमध्ये फेरतपासणीला गेले, तेव्हा खोलीला कुलूप होतं. फेब्रुवारीत ती वारली होती. मुलीच्या लग्नासाठी पुतण्याने घर रंगवलं होतं, ते दारही. फक्त ५८ भोवतीचा वीतभर चौकोन तसाच ठेवला होता.

"मिटाया तो ऊपर से आके गिनेगी," तो म्हणाला.

माझ्या यादीत ५८ पुढे 'बंद' लिहायचं आहे. अजून लिहिलेलं नाही. तळ्याकडची गल्लीही पुन्हा तपासायची राहिली आहे. तिथे प्रत्येक दारात मला 'पाँच' सांगितलंय. रविवारी दहाला जायचं, कपडे वाळत घातल्यावर.