जनकाबाईंच्या नातीचा कोरा रकाना

जनकाबाई सिस्टर निमखोऱ्यात बदलून आल्या, तेव्हा आज लेकरं घेऊन रांगेत बसणाऱ्या बहुतेक आया स्वतःच कुणाच्या तरी मांडीवर होत्या. त्यांनाही बाईंनीच टोचलं होतं. त्यामुळे आजही बाई समोरून आल्या, की तिशीच्या आतलं सगळं गाव नकळत दंड चोळतं. गावचे सरपंचही चोळतात, आणि मग हात तसाच वर नेऊन नमस्कार करतात.

मोताळ्याच्या बाजारात माणसं कोथिंबिरीच्या जुडीवरूनही भाव करतील, पण बाईंशी करत नाहीत. बाईंचे नियमच तसे. गोवराच्या लसीत एकदा पाणी मिसळलं, की ती चार तास टिकते. बाई बाटलीवर पेनाने वेळ लिहायच्या आणि चार तास भरले, की आत दोन डोस उरलेले असोत नाहीतर तीन, बाटली बाद. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता: घरचं माणूस रांगेत शेवटी. "नर्सचं लेकरू पुढे बसलं, तर मागच्या दहा बाया उठून जातात," असं त्या म्हणत. त्यांचा मुलगा लहानपणी दर वेळी शेवटी बसला आणि दर वेळी रडून रडून झोपल्यावर त्याला सुई मिळाली.

यंदा शेजारच्या वस्तीवर तीन मुलांच्या अंगावर गोवर उठला आणि निमखोऱ्याची घरोघर तपासणी लागली. एकसष्ट लेकरं. साठांच्या नावांपुढे रजिस्टरात बरोबरची खूण होती. राहिलं होतं एकच, कारभारीबुवांचा नातू. तो झाला, की शंभर टक्क्यांचा अहवाल संध्याकाळी रवाना होणार होता आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या बाईंना तो फार गोड लागणार होता.

बाई निघाल्या. मागे खांद्याला बर्फाची पेटी अडकवलेली सारिका, म्हणजे त्यांच्या हाताखालची तरुण नर्स. कारभारीबुवा ओसरीवर सुपारी कातरत होते.

"या बाई. सुई आनली असन."

"आनली. लेकरू आना."

"मांगच्या बारीले दोन दिवस ताप होता पोट्ट्याले. सून रडू रडू अर्धी झाली."

"ताप येते अन् जाते, बुवा. गोवर येते तं डोळे घेऊन जाते, कधी जीव घेऊन जाते. काऊन असं करता?"

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुमी साऱ्या गावाच्या घरात पाह्यता. तुमच्या घरात कोन पाह्यते?"

बाई हसल्या. हा प्रश्न त्यांना एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता आणि उत्तर तर तयारच होतं. समोरच्याच गल्लीत त्यांचं घर. त्यांनी हाक मारली, "करुणा, छकुलीचं कार्ड घेऊन ये वं!"

सून कडेवर चौदा महिन्यांची छकुली आणि हातात कार्ड घेऊन आली. बाईंनी ते न पाहताच बुवांच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं वाचा."

बुवांनी चष्मा चढवला आणि एकेका रकान्यावर बोट ठेवत पोथीसारखं वाचायला घेतलं. "जन्माची... तारीख हाये. दीड महिन्याची... हाये. अडीच... हाये. साडेतीन... हाये." बाई प्रत्येक "हाये"ला मान डोलावत होत्या. मग बोट थांबलं.

"नऊ महिन्याची गोवराची... हे कोरं हाये, बाई."

"चष्मा पुसा, बुवा."

बुवांनी चष्मा धोतराला पुसला, पुन्हा पाहिलं आणि कार्ड बाईंपुढे धरलं.

रकाना कोरा होता. बाईंनी कार्ड उलटलं. सुलटलं. उजेडात धरलं. जणू तारीख कागदाच्या आत जाऊन बसली असेल. त्यांच्या कानांत घूं आवाज सुरू झाला आणि ओसरीचा खांब आपल्याकडे चालत येतोय असं त्यांना वाटलं.

"सारिका, रजिस्टरात तं बरोबर हाये ना छकुलीपुढे?"

सारिकाने पेटी खाली ठेवली. "हाव मॅडम. म्या केली बरोबरची खूण. तुमच्या नातीचं तुमाले कसं इचारू? मले वाटलं, तुमी टोचलं असन."

"करुणा?"

"आई, आमी त्या बुधवारी बसलो होतो ना शेवटी," करुणा चाचरत म्हणाली. "आमचा नंबर आला अन् तुमी घड्याळ पाह्यलं. चार तास झाले म्हनल्या, बाटली टाकली. मंग मले वाटलं, तुमी घरी टोचलं असन."

बाई ओसरीच्या कडेला बसल्या. तो बुधवार त्यांना लख्ख आठवत होता. चार तास उलटून पाच मिनिटं झाली होती, बाटलीत दोन डोस शिल्लक होते, आणि त्यांनी ती टाकून दिली होती. "सख्ख्या नातीसाठी पन नियम मोडला नाई मी," ही हकिगत त्यांनी पुढे बुलढाण्याच्या बैठकीत नव्या नर्सेसना सांगितली होती. टाळ्या पडल्या होत्या. चहा पिताना दोघींनी पुन्हा सांगायला लावली होती. हकिगत पाच महिने फिरत राहिली आणि पुढच्या बुधवारी नातीला टोचायचं मात्र राहून गेलं.

"आई," करुणा हळूच म्हणाली, "परवा आमी, गोवर उठला ना, त्याच वस्तीवर गेलतो. नामकरणाले."

बाईंनी कार्ड खाली ठेवलं. त्यांनी छकुलीला ओढून घेतलं आणि तिच्या कानामागे पाहिलं. पुरळ तिथूनच सुरू होतो. काही नव्हतं. पुन्हा पाहिलं. छकुलीला हा खेळ वाटला, ती खिदळली.

सारिका अगदी कानाशी वाकली. "मॅडम, मांगची तारीख टाकून देऊ का? टोचू तं आत्ताच. कोनाले काय समजते?"

तिने पेन पुढे केलं. आणि जनकाबाईंनी ते घेतलं. टोपण काढलं. टोक त्या कोऱ्या रकान्यावर टेकत आलं. बाईंना हा दुसरा धक्का स्वतःचाच बसला. एकतीस वर्षांत हा हात असा कधी निघाला नव्हता.

त्यांनी मान वर केली. कारभारीबुवा उठून भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि वाळत घातलेल्या मिरच्या मोजल्यासारखं करत होते. आत्तापर्यंत वाद घालणारा हा बुढा त्यांना लिहायला सवड देत होता.

"बुवा," बाई म्हणाल्या. "इकडं पाहा. तुमच्यापुढेच भरते."

रकान्यात त्यांनी आजची तारीख घातली. मग नवी बाटली उघडून, लसीत पाणी मिसळून वेळ लिहिली. सुई भरली, पण हात थरथरत होता. हजारो दंडांवर न हललेला हात. सारिकाने सुई घेतली, बुवांनी छकुलीला मांडीवर घट्ट धरलं, आणि टोचून झालं. छकुली किंचाळली. बुवांनी तिच्या तोंडात गूळ घालायला हात नेला, तेव्हा बाई नेहमीसारख्या ओरडल्या, "हात धुवा आधी!" सारिकाच्या जिवात जीव आला.

"आता आमच्या पोट्ट्याले," बुवा म्हणाले. "पन तुमच्या हातानं. सारिका चांगली हाये, पन माह्या पोराले तुमीच टोचलं होतं."

बाईंनी नवी सुई भरली, तेव्हा हात स्थिर झाला होता.

अहवाल संध्याकाळी गेला. एकसष्टपैकी एकसष्ट, आणि खाली शेरा, बाईंच्याच अक्षरात: 'छकुली, माझी नात. पाच महिने उशीर. न विचारता खूण झाली. चूक माझी. साठही घरची कार्डं पुन्हा तपासत आहे.'

लागण झाली असेल, तर गोवर अंगावर उठायला तेवढे दिवस लागतात, म्हणून पुढचे पंधरा दिवस बाई रोज सकाळी नातीचे कान उलटे करून पाहायच्या. त्याच पंधरा दिवसांत त्यांनी साठ घरांची कार्डं हातात घेऊन पाहिली. आणखी एक रकाना कोरा सापडला, अंगणवाडी सेविकेच्या घरचा. सोळाव्या दिवशीही छकुलीचे कान स्वच्छ होते. बाई केंद्रावर निघाल्या, तर ओसरीवरून बुवांनी विचारलं, "काय निघालं, बाई?"

"काईच नाई."

"मंग रडून काऊन राह्यल्या?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. "तुमाले काय करायचं? दंड दाखवा, धनुर्वाताचं राह्यलं असन तुमचं."

बुवा दंड चोळत आत पळाले.