बाटल्यांची रांग

मला काहीही झालेलं नव्हतं. तरी त्या वर्षी मी जवळजवळ रोज दवाखान्यात जात होतो.

गिरणीत टाइमकीपर होतो. रिटायर झालो, पाठोपाठ बायको गेली, आणि मुलाला वाशीत नवं घर लागलं म्हणून गिरगावची खोली सोडून खाडीपलीकडे आलो. मुलगा-सून सकाळी मुंबईच्या बसला पळायचे, ते दिवे लागल्यावर परत. मधला दिवस माझा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशिरावर शेरे मारणाऱ्या माणसाच्या हातात असा अख्खा दिवस दिला, तर त्याने काय करावं? मी घड्याळं पुसायचो. घरात दोनच होती.

चाळीत दार उघडं टाकलं की कोणीतरी डोकवायचंच. तीच सवय इथेही. मी दार सताड उघडं ठेवून खुर्चीत बसायचो. कोणी आलं नाही. आठवड्याभराने समोरच्या बाई सुनेला म्हणाल्या, "तुमचे सासरे दार लावायला विसरतात हो. डॉक्टरला दाखवून घ्या."

अशी माझी दवाखान्याशी ओळख झाली.

वसाहतीचा तो दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. त्या वेळी पातळ औषधासाठी बाटली आपली आपणच न्यायची. म्हातारी माणसं उजाडताच यायची, ओसरीवर आपापली बाटली रांगेत मांडायची आणि समोर अर्धवट सोडलेल्या इमारतीच्या जोत्यावर सावलीत जाऊन बसायची. माणसाच्या जागी बाटली उभी. दवाखान्याची खिडकी उघडेपर्यंत दीड-दोन तास नुसत्या गप्पा. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. वाटलं, कोणीतरी रिकाम्या बाटल्या टाकून गेलंय. टाइमकीपरची शिस्त! मी त्या सगळ्या उचलून नीट कोपऱ्यात लावून ठेवल्या.

"अरं, कोन हाय ह्यो? आमची लाईन कोपऱ्यान घातली!" जोत्यावरून एक म्हातारा ओरडला.

हे शिरवण्याचे आगरी बाबा. शेत नव्या शहरात गेलेलं, त्यामुळे त्यांनाही दिवसभर करायला काही उरलेलं नव्हतं. त्यांच्या शेजारी सुजलेले पाय पसरून तुर्भ्याच्या मावशी बसलेल्या. मूळच्या मराठवाड्यातल्या, मुलगा इथल्या कारखान्यात. त्या इतक्या हसल्या की चष्मा पडला. कोणाची बाटली कुठे होती यावर पुढे तासभर भांडण चाललं. बायको गेल्यापासून मला कोणी इतक्या मनापासून शिव्या दिल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन हजर.

पण बाटली आणली की दुखणंही आणावं लागतं. मी आणत गेलो. कधी गुडघा, कधी कंबर, कधी नुसतंच "आतून कसंतरी होतं". एकदा डॉक्टर म्हणाले, "काका, काल उजवा गुडघा होता. आज डावा?"

"फिरतं दुखणं आहे," मी म्हटलं.

त्यांनी लिहून दिलं. ते गुलाबी पाणी मी घरी तुळशीला घालायचो. तुळस वाळली, म्हणजे औषधात काहीतरी असणार.

बाबा मला मास्तर म्हणायचे. मी मास्तर नव्हतो, पण चष्मा होता आणि मोठ्याने बोलायचो, तेवढं त्यांना पुरलं. मावशींचं मात्र खरं दुखणं होतं. खिडकी उघडली की बाटल्यांचं राज्य संपायचं, स्वतः उभं राहावं लागायचं. कारखान्यातली पोरं रात्रपाळी संपवून थेट यायची. पेंगुळलेली, घाईतली. त्यांना बाटल्यांची रांग काय माहीत! मावशी मागे मागे जायच्या. एका सकाळी त्या उभ्या जागी खाली बसल्या, तशाच आडव्या झाल्या, आणि हातातली बाटली फुटली. आम्ही पाणी मारलं. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "बया, बाटली गेली का?"

त्या दिवशी जोत्यावर कोणी हसलं नाही. बाबा म्हणाले, "मास्तर, सायबाकरं जाया पायजे. म्हाताऱ्यांना येगली लाईन. तुमी बोला. तुमचा तोंड चालतं."

झाली आमची समिती. जोतं हेच कार्यालय. मी इतका खूश होतो की दुखणं न्यायला विसरून गेलो.

वसाहतीच्या कचेरीत साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही जोत्यावरचे सगळे घुसलो. खुर्ची एकच होती, ती मावशींना दिली. साहेब तरुण होता, तोंडाने नम्र, डोळ्यांनी घड्याळाकडे. म्हणाला, "आजोबा, वेगळी खिडकी म्हणजे जास्तीचा माणूस लागतो. थोडा वेळ थांबलात तर काय बिघडतं?"

मावशींच्या पायांबद्दल बोलायचं असं ठरलं होतं. तेवढंच पुरलं असतं. पण माझं तोंड सुटलं.

"थोडा वेळ? साहेब, वेळ तुमच्याकडे भरपूर आहे. आमच्याकडे किती उरलाय? आमचं एक एक मिनिट मोलाचं आहे, आणि ते तुम्ही ओसरीवर सांडताय!"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा कोणाच्या वेळेबद्दल बोलतोय? आमच्यातल्या एकाही माणसाला त्या दिवशी, त्या आठवड्यात, काही काम नव्हतं. पण साहेब हलला. त्याचे वडील गावी एकटेच असावेत, असं मला उगाच वाटलं. पुढच्याच सोमवारी दवाखान्यात दुसरी खिडकी उघडली. वर पाटी, 'फक्त वृद्धांसाठी'. जोत्यावरच्यांनी मला हार घातला. तो हार घालून मी घरापर्यंत चालत आलो. वाटेत एकाने विचारलं, "लग्न का काका?"

खिडकी झकास चालली. मावशी आल्या, बाटली भरली, गेल्या. बाबा आले, गेले. चहाचं आधण उकळायला लागतो तेवढ्या वेळात सगळी म्हातारी मोकळी. मी जोत्यावर जाऊन बसलो. समोरून मावशी जाताना दिसल्या.

"बसा की घटकाभर," मी हाक मारली.

"कुठलं बसता, दादा! सूनबाईला कळलंय आता लवकर होतंय म्हणून. नातू सांभाळायचाय. आधी कसं, दवाखान्यात गेले म्हटलं की कोणी विचारत नव्हतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती रांग म्हणजे आम्हा सगळ्यांची हक्काची रजा होती. आणि ती रद्द करून घेतल्याबद्दल मी हार घालून घेतला होता.

मावशींच्या पायांची सूज उतरली, हे खरं. त्याबद्दल मला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. तरी वाटायचं. मग वाईट वाटल्याचं वाईट वाटायचं. एके दिवशी मी गुपचूप जुन्या, साध्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो, कारखान्याच्या पोरांमध्ये. म्हटलं, निदान कोणी धक्का तरी मारेल. तर सगळी पोरं एका सुरात, "काका, तुमची लाईन ती! ओ, काकांना सोडा पुढे!" आणि मला हाताला धरून खिडकीशी पोचवलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आज काय दुखतंय?" मला खरंच काही सांगता येईना.

शेवटी चालत शिरवण्याला गेलो. बाबा ओटीवर बसले होते, मांडीवर नातवंड. मला पाहून चेहरा फुलला. त्यांच्या सुनेने पाणी दिलं आणि विचारलं, "काय काम होतं, काका?"

काम! मी म्हटलं, "दवाखान्याचं."

ती आत गेली. जोत्यावर ज्यांचं तोंड मिटत नव्हतं ते बाबा पोराला थोपटत राहिले. समोर बाटल्या नव्हत्या, कोणाचा नंबर गेला यावर भांडायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "बाबा, आणखी काहीतरी मागू या."

"आता काय मागाचा? खिरकी भेटली."

"यंदा असं मागू, की लवकर मिळणार नाही."

बाबा विचारात पडले. मग हळू आवाजात म्हणाले, "रेल्वे?"

त्या काळी आमच्याकडे रेल्वे म्हणजे नुसती बोलण्यातली गोष्ट. मी उठून त्यांना मिठी मारली. पोर रडायला लागलं.

दर गुरुवारी जोत्यावर सभा सुरू झाली. सभा म्हटलं की घरचे सोडतात. मावशी आल्या, म्हणाल्या, "मला कुठं जायचंय हो रेल्वेनं?" पण मागणीत त्यांनीच भर घातली: फलाटावर बसायला बाक पाहिजे, पाय ठेवायला जागा सोडून. त्यावर आम्ही कितीतरी गुरुवार काढले.

पुढे मावशींच्या मुलाचा कारखाना बंद पडला आणि त्या गावी गेल्या. बाबा एका हिवाळ्यात गेले. बाकीचे कोणी मुलीकडे, कोणी अंथरुणावर. जोत्यावर भिंती चढल्या, वर माणसं राहायला आली. आणि मग, आम्ही मागितली होती ती रेल्वे खरोखरच आली.

मी एका गुरुवारी नव्या स्टेशनात गेलो. बाक होते. पाय पसरायला जागाही होती. बसलो. गाडी आली, थांबली, गेली. शेजारून धावत आलेला एक मुलगा हळहळला, "अरे काका, बसलात काय! तुमची गाडी गेली ना!"

"जाऊ दे," मी म्हटलं. "आमची सभा आहे."