देवळ्याची गाडी

माझ्या पोटात काही राहत नाही, असं सगळे म्हणतात. खरंय ते. बारावीला गणितात काठावर कशी सुटले, पहिल्याच महिन्यात होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून कशी रडले – सगळं मी सगळ्यांना सांगून बसलेय. हे एक सोडून. हे आईला नाही सांगितलं, दादाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का? तुम्ही आमच्या वणीचे नाही, एवढं पुरे आहे बहुतेक.

निमित्त सांगते. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे, नाशिकलाच. परवा आमच्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, नव्या पोरींसमोर थोडं बोल – पहिल्या वर्षात तू माणूस म्हणून कशी घडलीस, तुझी दृष्टी कशी विशाल झाली. विशाल! हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारण हे भाषण मी एकदा ठोकलंय. टाळ्या घेतल्यात. आणि परवाही काय केलं? 'हो मॅडम' म्हणाले. दुसरं येतंय काय मला?

असू दे. सुगंधाचं सांगते.

सुगंधा पवार, माझी पहिल्या वर्षाची रूममेट. तिचं गाव सुरगाण्याच्या पुढे, डोंगरात. कोकणा आदिवासी. घरचा भात, नागली. आणि पावसाळा सरला की आई-बाप द्राक्षांच्या कामाला खाली, आमच्या भागात. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, गादी झटकता झटकता. मला मात्र आमची द्राक्षाची बाग आहे हे सांगायला कितीतरी दिवस लागले. का? तिला वाईट वाटेल म्हणून – असं मी तेव्हा स्वतःला सांगायचे. किती गोड, नाही?

रविवारी आम्ही पंचवटीत भाजीला जायचो. मी म्हणजे तोऱ्यात, हातात पिशवी आणि तोंडात घासाघीस. ही पोरगी सरळ कडेला खाली बसलेल्या बायांपाशी जाऊन उकिडवी बसायची. पेठ तालुक्याकडच्या बाया, पुढ्यात रानभाजीचे वाटे. तिच्या भाषेत काहीतरी बोलायची, त्या हसायच्या, आणि आमच्या पिशवीत एक जुडी जास्तीची पडायची. त्या बाया मी त्याआधीही पाहिल्या असतील की. पण त्यांना चेहरे आहेत हे मला सुगंधामुळे कळलं. लाज वाटते असलं लिहायला, पण खोटं कशाला बोलू? खोटं बोलून झालंय माझं भरपूर.

तर – दिवाळीची सुट्टी. सुरगाण्याची एसटी आमच्या वणीवरूनच जाते. मीच गळ घातली, एक रात्र उतर आमच्याकडे, सकाळी पुढे जा. ती नको नको म्हणत होती. मीच हट्टाला पेटले. मला मिरवायचं होतं हो! बघा, मी कशी बदलले, माझ्या मैत्रिणी कशा आहेत. आणि दिंडोरी मागे पडलं तसं वाटायला लागलं, उगाच आणलं हिला. कारण आमच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी काय विचारतात, तर आडनाव. आडनाव कळलं की गाव. गाव कळलं की झालं, माणूस कुठे बसवायचं ते ठरलं.

आई वाईट नाही माझी – बघा, लगेच म्हटलं ना? सवय. बागेतल्या बायांना दिवाळीला लुगडी देते, त्यांची पोरं तापली तर दवाखान्यात नेते. आणि त्यांचे चहाचे कप विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, फळीवर, पालथे. वेगळे. ते कप मी जन्मापासून बघतेय, आणि त्या दिवाळीपर्यंत ते मला खुपले नव्हते.

दारातच आईनं विचारलं, "पवार का? मग आपल्यातलेच म्हणायचे. कुठले गं पवार?"

आता, पवार आमच्यात असतात तसे त्यांच्यातही असतात. सुगंधानं तोंड उघडलं होतं. ती सुरगाणाच म्हणणार होती, तिला त्यात लपवण्यासारखं काय होतं? मध्येच मी तोंड घातलं. "देवळ्याचे. कांद्याची शेती हाय त्यांची."

देवळा म्हणजे आमच्यासारख्यांचा भाग, तेवढं पुरलं असतं. कांद्याचं कुणी विचारलं होतं का मला? कुणी नाही! पण एकदा थाप मारायची म्हटलं की माझ्या जिभेला हाड नाही. सुगंधानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "हो काकू."

पुढचं सगळं तिनं निभावलं. आईनं तिला स्वयंपाकघरात घेतलं, करंज्यांना शेजारी बसवलं, संध्याकाळी पाय पसरून बसली नि तिच्या डोक्याला तेल लावून दिलं – माझ्या डोक्याला कधीपासून लावलं नव्हतं. आणि प्रश्न! विहिरीला पाणी किती, भाऊ काय करतो, कांदा विकला की कांदाचाळीतच आहे अजून. सुगंधा अडखळली की उत्तर मी फेकायचे. चाळीतच आहे म्हणाले. भाऊ नोकरीला लावला. होता नव्हता तेवढा खोटा संसार मांडून दिला मी तिला. शेवटी आई मला कोपऱ्यात घेऊन काय म्हणते, "पोर गुणाची हाय. आपल्या दादासाठी विचारायचं का?" कपाळ माझं!

सकाळी दादा आम्हाला स्टँडवर सोडायला आला. सुरगाण्याची गाडी समोर उभी, चालू. आणि आमचा दादा, एरवी पाण्याचा तांब्या न उचलणारा, धावत जाऊन देवळ्याच्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून आला! "बसा ताई, खिडकीची मिळाली." मी म्हणू शकले असते ना काहीतरी? काहीही? सुगंधा मुकाट चढली. मांडीवर पिशवी, त्यावर आईनं बांधून दिलेल्या करंज्या. तिची खरी गाडी तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि ती गेली उलट्या दिशेला, देवीच्या गडाच्या पायथ्याला, नांदुरीपर्यंत. तिथे उतरून परत आली, पुढच्या गाडीची वाट बघत राहिली, अंधार पडल्यावर घरी पोचली. सुट्टीनंतर होस्टेलवर हे तिनंच मला सांगितलं, हसून हसून – कंडक्टर कसा म्हणाला, पोरी, गडावर देवीला आलीस आणि पायरी न चढता माघारी? मीही हसले. चुकलं गं, एवढंसुद्धा म्हणाले नाही.

इथपर्यंतचं सांगता आलं असतं मला. इथपर्यंत मी नुसती मूर्ख. यापुढचं तसं नाही.

दिवाळीनंतर बागेत बाया परतल्या. त्यातली एक सुगंधाच्या गावची निघाली. सुगंधानं गावात सांगितलं होतं, वणीला मैत्रिणीच्या घरी राहून आले म्हणून. आनंदानं सांगितलं होतं. ती बाई तितक्याच आनंदानं माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, आमच्या गावची पोर तुमी घरात निजवली. लय बरं वाटलं आमाला."

आई तशीच घरात आली आणि मला फोन लावला. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर वडापाव खात बसले होते. आईनं एकच विचारलं, "तुला ठावं होतं का?"

काय झालं असतं हो म्हटलं असतं तर? आई चार दिवस बोलली नसती. दादानं तोंड फुगवलं असतं. शिक्षण कुणी थांबवलं नसतं, मारलं नसतं, हाकललं नसतं. हे आता सुचतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं. नीट कळत होतं. आणि तरी मी म्हणाले –

"नाही गं आई. मलापण तिनं देवळाच सांगितलं होतं. फसवलं तिनं आपल्याला."

आपल्याला. हा शब्द माझ्या तोंडात कुणी घातला नव्हता. तो माझा.

आईचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलंच," म्हणाली, "माझी पोर भोळी." उरलेला वडापाव मी संपवला.

त्याच संध्याकाळी खोलीत सुगंधाचा फोन वाजला. तिचा नंबर आईनं दिवाळीत घेतला होता, करंज्यांचे फोटो पाठवायला. ती तिच्या कॉटवर, मी माझ्या. पलीकडचा आवाज एवढा चढलेला की शब्द नाही तरी सूर मला ऐकू येत होता, आणि तो सूर मी लहानपणापासून ओळखते. सुगंधा म्हणत होती, "हो काकू." मग, "नाही काकू." मग, "चुकलं माझं." मी ओढणीची घडी घालत होते. घालून झाली, ती उलगडली, पुन्हा घातली.

तिनं फोन ठेवला. आणि मी – ऐका, हे ऐका – मी विचारलं, "कुणाचा गं?"

"तुझ्या आईचा."

"काय म्हणत होती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "काही नाही," म्हणाली. "दिवाळीचं विचारत होती."

तिला कळलं होतं. कळणारच ना! आणि तिनं मला तिथेच, तोंडावर, सोडून दिलं. त्याचाच मला राग आला. तिचा राग! दोन दिवस मीच तिच्याशी तुटक वागले. सांगा आता काय करायचं या बाईचं?

पुढच्या सत्रात तिनं खोली बदलली. भांडण नाही, तंटा नाही. वरच्या मजल्यावर अभ्यासाला शांतता आहे म्हणाली. आणि त्याच सत्रात, स्नेहसंमेलनात, मी ते भाषण केलं. पहिल्या वर्षानं मला काय दिलं. सुरगाण्याची माझी मैत्रीण, आमच्या घरी राहिली, माझ्या आईनं तिच्या डोक्याला तेल लावलं, माणूस इथूनतिथून सारखा – सगळं खरं होतं हो, एकूण एक वाक्य खरं! पोरी रडल्या. सुगंधा मागच्या रांगेत होती. सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवत होती.

गेल्या महिन्यात ती नाशिकच्या स्टँडवर दिसली, तिच्या आईबरोबर. मी खांबाआड सरकणार तेवढ्यात तिनंच हाक मारली. आईला म्हणाली, "ही माझी पहिल्या वर्षाची रूममेट. वणीची." एवढंच. माझी ओळख खरी, गाव खरं.

तिच्या आईनं माझा हात दोन्ही हातांत धरला. खरबरीत हात, बोटं काळी पडलेली. म्हणाली, "तूच का ती? तुझ्या आईनं हिच्या डोक्याला तेल लावलं व्हतं ना? सुगंधी सांगते मला. लय मायेची बाई. माझा राम राम सांग तिला."

म्हणजे तिनं घरी तेवढंच सांगितलं होतं. तेल. मी सुगंधाकडे पाहिलं तर ती गाडीची पाटी वाचत होती.

"सांगते," मी म्हणाले.

शनिवारी घरी गेले. आई भाकरी थापत होती. नव्या रूममेटचं विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाली, "नीट बघून मैत्री करत जा बाई. ती देवळ्याची थापाडी आठवते ना?"

"आठवते," म्हणाले मी, आणि ताट वाढून घेतलं. राम राम सांगितला नाही.