चुराड्याची कंबर

गॅसचा सिलिंडर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन अडला होता. एका कडेवर कलता धरून, गोल गोल फिरवत, ओठांत देवाचं नाव घोळवत तिने त्याला दारापासून तिथवर आणलं होतं. जुना संपला होता आणि दूध अर्धवट तापून निवत चाललं होतं. आता फक्त उंबरा ओलांडायचा, एवढ्यात बेल वाजली. तिने हाताला लागली ती चादर सिलिंडरवर टाकली आणि त्यावर बसून राहिली. दार नवऱ्याने उघडलं. ज्या घरात साक्षात चुराडा राहतो, त्या घरात बायको सिलिंडर ढकलताना दिसणं बरं नव्हतं.

चुराडा म्हणजे एका कॉमिकमधला खलनायक. तो पूल उपटतो, रेल्वेचं इंजिन काखोटीला मारतो आणि "चुराडा करीन!" असं ओरडत निम्मं शहर सपाट करतो. त्याला हरवणारा एक नायकही आहे, पण त्याचं नाव कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही. ही चित्रं काढतो तिचा धाकटा भाऊ. तो शिकायला त्यांच्याकडे राहायचा, तेव्हा तिचा नवरा सामान हलवणाऱ्या कंपनीत हमाल होता. लोखंडी कपाट पाठीवर घेऊन जिना असा चढायचा, की बघणाऱ्याला वाटावं, कपाटच त्याला वर नेतंय. भावाने ती पाठ काढली, तो जबडा काढला, त्या जुळलेल्या भुवया काढल्या आणि दुष्टपणा पदरचा घातला. मूळ माणसात तो औषधालाही नव्हता. मूळ माणसाला भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा जमत नसे.

तिला हे प्रकरण सुरुवातीला मुळीच रुचलं नव्हतं. रोज प्रार्थनेत दुष्टांचा नाश माग आणि उठून त्याच दुष्टाला जेवायला वाढ, हे काही पटेना. पण गल्लीने ते नाव उचलून धरलं. "चुराडाभाऊ, जरा हात लावता का?" अशी हाक आली, की कुणाचा तरी फ्रिज नाहीतर पलंग जिन्यात अडकलेला असायचा. हा हातातला घास ताटात ठेवून निघायचा. एवढी ताकद, पण 'नाही' हा एक शब्द काही त्याला कधी उचलता आला नाही.

मग गेल्या वर्षी कंबर गेली. पूल उपटताना नव्हे, शिंकताना. डॉक्टरांनी आत पट्ट्या घातलेला एक रुंद पट्टा दिला आणि भरली बादलीही उचलायची नाही असं बजावलं. कंपनीने मुकादम केलं, त्यामुळे तिथे "हं, उचला" एवढं म्हणून भागत होतं. गल्लीचं काय? "कुणाला बोलू नकोस," त्याने तिला हात जोडून सांगितलं होतं. "माझ्याजवळ दुसरं आहे काय? ही पाठच मोडली म्हटल्यावर मला कोण विचारणार?"

तेव्हापासून कुणी हात लावायला बोलावलं, की तो जाऊन हात लावायचा. नुसताच लावायचा. पंजा सपाट टेकवून "हं, चला" म्हणायचा, आणि बाकीचे चौघं, चुराडा आपल्या बाजूला आहे या भरवशावर, एका दमात कपाट हलवायचे. वर घाम पुसत म्हणायचे, "सगळा भार चुराडाभाऊंनीच घेतला हो!" घरी सिलिंडर ती ओढायची. गल्लीत भार घेणाऱ्याचं नाव होत होतं, घरातल्या भाराची खबर देवाला होती.

"ताई, आज सिंहासनावर?" आत येत भाऊ म्हणाला.

"पाय दुखतायत." ते खरंच दुखत होते, त्यामुळे हे खोट्यात धरायचं कारण नव्हतं.

"भावोजी, वाईट बातमी आहे. तुम्हाला संपवायचंय."

"बरं," नवरा म्हणाला. "चहा घेऊन संपवतोस?"

चहा होणार नव्हता. गॅस तिच्याखाली होता.

"मालक म्हणतात, वाचक कंटाळलेत. पुढच्या अंकात चुराड्याची ताकद जाते. मग काय, कुणीही येतं आणि टपली मारून जातं. शेवटच्या पानावर त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलवत नाही!"

शर्टाची बटणं लावता लावता नवऱ्याचा हात थांबला. हा अंक गल्लीत घरोघरी वाचला जाणार. मग सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळणार, हाताकडे, कमरेकडे.

"बादली कशाला मेली?" ती म्हणाली.

"अगं, मजा येईल."

"मुळीच येणार नाही. त्याला जिंकू दे."

"ताई! सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसतेस आणि दुष्टाची बाजू घेतेस?"

"देव सगळ्यांना वेळ देतो. घाई तुझ्या मालकांनाच आहे."

तेवढ्यात खालून शिंप्याची हाक आली. "चुराडाभाऊ! मास्तरीणबाई तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर येतायत. कपाट उतरवायचंय, जरा हात लावता का?"

"वा! शेवटचं एकदा काढून घेतो तुम्हाला," म्हणत भावाने वही-पेन्सिल उचलली. सिलिंडर तसाच टाकून तीही मागोमाग निघाली.

जिन्यात शिंपी आणि तिघे भाडेकरू कपाटाला भिडले होते. निवृत्त मास्तरीणबाई वरून वर्ग घेत होत्या. "भिंतीला ओरखडा आला तर घरमालक मला ओरबाडेल!"

"बाई, आतली पुस्तकं काढलीत ना?"

"काढली की. अर्धी."

नवऱ्याने पंजा टेकवला. "हं, चला." कपाट हललं. भाऊ झरझर काढत होता, पाठ, खांदे, मान. दंडापाशी पेन्सिल थांबली. का थांबली ते तिला कळलं. त्या हातावर भार आला की कोपरापासून मनगटापर्यंत एक शीर तटतटून उठायची. चुराड्याच्या प्रत्येक पानावर ती होती. आज ती निवांत झोपली होती. भावाने हाताकडे पाहिलं, मग बहिणीकडे. बहिणीने भिंतीकडे.

शेवटच्या वळणावर कपाटाचं दार उघडलं आणि आतून एक जाडजूड नकाशांचं पुस्तक निसटलं. नवरा जुन्या सवयीने ते झेलायला वाकला, "आई गं!" म्हणाला, आणि शर्ट वर सरकून पट्टा सगळ्यांना दिसला. कपाट धाडकन पायरीवर टेकलं.

"चुराडाभाऊ, हे काय बांधलंय?" शिंपी म्हणाला. "माझ्या सासऱ्यांना असलाच पट्टा आहे. त्यांची कंबर..."

तिने कठडा घट्ट धरला आणि शब्दांवाचूनच देवाला साकडं घातलं. नवऱ्याने तोंड उघडलं. आता खरं ते बाहेर पडणार, हे ती जाणून होती; खोटं उचलणंही त्याच्या ताकदीबाहेरचं होतं.

"श्श! शिंपीदादा, हळू!" भाऊ म्हणाला. "पुढच्या अंकाचं गुपित आहे ते. चुराड्याची सगळी ताकद या पट्ट्यात! कसा बसतो ते बघायला मीच घालायला लावलाय भावोजींना."

खोटं बोलू नये, हे लहानपणी तिनेच त्याला कान धरून शिकवलं होतं. तो ते शिकला नाही, याबद्दल तिने तिथल्या तिथे देवाचे आभार मानले.

शिंपी पट्ट्याभोवती एक चक्कर मारून आला. "शिवण कच्ची आहे. आणि ताकदीचा पट्टा शर्टाच्या आत कशाला? बाहेरून घाला की राव, आम्हालाही दिसू दे!"

"पट्टा मागाहून बघा," मास्तरीणबाई कडाडल्या. "माझं कपाट जिन्यात उभं आहे. लावा हात!"

नवऱ्याने हात लावला. कपाट तळमजल्यावर पोचलं.

घरी आल्यावर भावाने चादर काढली, सिलिंडर दोन्ही हातांनी कवटाळून उंबऱ्याच्या आत ठेवला आणि ओट्याला धरून धापा टाकू लागला. "केवढा जड आहे गं! कधीपासून ओढतेयस हे?"

"मग काय फुलांची परडी समजला होतास?" शेगडीला नळी जोडत ती म्हणाली. दूध पुन्हा आचेवर चढलं.

"बादली रद्द," भाऊ म्हणाला. "मालकांना पट्टा आवडेल. निदान चार-पाच अंक निघतील त्यावर."

"म्हणजे तो जिंकतो?" नवऱ्याने विचारलं.

"नाही हो भावोजी. पण हरायला वेळ लागतो."

"चालेल," नवरा म्हणाला.

"एखाद्या अंकात त्याला जरा पडू दे," ती म्हणाली.

"ताई, खलनायक विश्रांती घेत नाहीत."

"म्हणून तर कमरा जातात त्यांच्या!"

तोवर नवरा आरशासमोर उभा राहून पट्टा शर्टावरून बांधू पाहत होता. दोन्ही टोकं एकमेकांना पोचत नव्हती. "अगं," तो जरा लाजत म्हणाला, "लाल रंगात मिळत असेल का?"

दूध उतू जायच्या आत तिने गॅस बंद केला, हातात पिशवी घेतली आणि औषधांच्या दुकानातून एक माप मोठा पट्टा आणायला निघाली.