हौसा पायानं चढली

“बाबा, पिंड परत ठेवा. आणि ठेवताना जरा रडा.”

असं म्हणाला तो. टीव्हीचा साहेब. पोराच्या वयाचा. नदीकाठी, जिथं आम्ही चप्पल काढून जातो, तिथं बूट घालून उभा होता.

माझ्या बायकोचा, हौसाचा, दहावा होऊन गेला होता. खऱ्या दहाव्याला कावळा लवकर शिवला नव्हता. सगळे ताटकळले. लेकीनं हात जोडले, म्हणाली, “आये, बाबाला मी बघती.” कावळा हलला नाही. माझा चुलतभाऊ म्हणाला, “वैनी, तुझी शेळी आमी इकत न्हाई.” तरी नाही. मग मी पुढं झालो. म्हणालो, “हौसा, ज्यानं तुला सुई टोचून मारली त्याला मी सोडणार न्हाई.” कावळा खाली आला. भात उचलून गेला.

म्हणजे तिचं जेवण झालं होतं. आता परत पिंड ठेवायचा म्हणजे जेवून गेलेल्या बाईला पुन्हा पानावर बसवायचं. कशासाठी? तर फोटोसाठी.

मी ठेवला. टीव्हीत आलं की डॉक्टर धरला जाईल, असं वाटलं. ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाला, दवाखान्याचा कागद आण. दवाखान्यात गेलो तर वॉचमननं दंडाला धरून बाहेर काढलं. उंब्रजपासून कराडपर्यंत कुणी दारात उभं केलं नाही. आणि हे लोक आपणहून गाडी घेऊन आमच्या वस्तीवर आले होते. दगड फोडणाऱ्यांच्या वस्तीवर. इथं मतं मागायलासुद्धा लोक गाडीतनं खाली उतरत नाहीत.

कावळा आला नाही. साहेब घड्याळ बघायला लागला. कॅमेरावाला सांगलीकडचा होता. तो म्हणाला, “आवं साहेब, कावळ्याला काय फोन करून बोलावलाय व्हय?”

साहेबानं गाडीतनं फरसाणाची पिशवी आणवली. ती काठावर उधळली. कावळे आले, फरसाण वेचून गेले. पिंडाकडं कुणी बघितलं नाही. साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होता, माझ्यासमोरच, “म्हातारा ड्राय आहे. रडतच नाही. पण चालेल.”

मग घरी आले. माझ्या कॉलरला माइकचा चिमटा लावला. साहेबानं विचारलं, “दवाखान्यात नेण्याआधी घरी काय केलंत?”

मी सगळं सांगितलं. जसं झालं तसं. “सकाळी हौसाच्या पोटात कळ आली. मी तिच्या कपाळाला सिद्धनाथाचा गुलाल लावला आन् जीप बोलावली. हौसा सोताच्या पायानं जीपमधी चढली. चढताना शेजारणीला म्हणाली, दुधावर झाकण टाक गं, मांजर फिरतंय. दवाखान्यात डॉक्टरनं सुई दिली. लगेच तिचं व्हट निळं पडलं. मग म्हणाले, मिरजेला न्या. ती तवाच गेली हुती. मेलेलीला मिरजेला न्या म्हणाले.”

म्हसवडच्या सिद्धनाथाचा गुलाल आमच्यात घराबाहेर पडताना लावतातच. पोरगं भरतीला निघालं तर लावतात. पोरगी परीक्षेला निघाली तर लावतात. आजारी माणसाला तेवढा लावायचा नाही काय?

“छान बोललात, बाबा,” साहेब म्हणाला.

मी वस्तीभर सांगत सुटलो. आज हौसाचं टीव्हीत लागणार. डेअरीच्या टीव्हीपुढं सगळे जमले. मी धुतलेली टोपी घातली. लोकांनी मला पुढची खुर्ची दिली. जन्मात पहिल्यांदा.

ढोल बडवल्यासारखा आवाज झाला. लाल अक्षरं आली. लेकीनं मनातच वाचली. मी म्हणालो, “मोठ्यानं वाच की.” तिनं वाचलं, “अंधश्रद्धेनं घेतला पत्नीचा बळी.”

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल.

मग मी दिसलो. नदीकाठी, पिंड ठेवताना. मागनं साहेबाचा आवाज, “कावळासुद्धा शिवला नाही.” मग माझं तोंड, एवढं मोठं. साहेब विचारतो, घरी काय केलंत? मी म्हणतो, “मी तिच्या कपाळाला सिद्धनाथाचा गुलाल लावला.” आणि संपलं. तिथंच कापलं. जीप नाही. दूध नाही. सुई नाही.

पुढं डॉक्टर. थंड खोलीत, पाठीमागं देवाचा फोटो, त्याला ताजा हार. म्हणाला, “पेशंटला आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. या लोकांचं अज्ञान, दुसरं काय.” साहेबानं मान डोलावली. जाहिराती लागल्या. त्यात त्याच दवाखान्याची जाहिरात. हसरी नर्स, हसरी म्हातारी.

मग मागनं एक आवाज आला, “मामा, त्यो गुलालाचा डबा दे की मला. माझी बायको बी लय बोलती.”

हसले. माझीच माणसं. मी पुढच्या खुर्चीत बसलो होतो.

घरी आलो. लेक सासरी जाताना म्हणाली, “बाबा, तिथं मला इचारतील, तुझ्या बापानं आईला दवाखान्यात का नेली न्हाई. मी काय सांगू?” माझ्याकडं उत्तर होतं. ते त्यांनी कापून नेलं होतं.

नंतर साहेब परत आला. खूश होता. म्हणाला, “बाबा, कार्यक्रम जोरात चालला. आता मुंबईला चर्चा ठेवलीय. तुम्ही, डॉक्टर आणि एक शास्त्रज्ञ. गाडी पाठवतो. तो गुलालाचा डबा तेवढा सोबत घ्या.” बोलता बोलता त्यानं माइकचा चिमटा माझ्या कॉलरला लावलासुद्धा. विचारलं नाही. बैलाला वेसण घालताना कोण विचारतं?

मी म्हणालो, “माझं बाकीचं बोलणं कुठं हाय?”

“कुठलं?”

“हौसा जीपमधी चढली ते.”

तो हसला. “बाबा, टीव्हीत थोडक्यात लागतं. सगळं कसं दाखवणार?”

“तू कापलंस त्यात हौसा चालत हुती,” मी म्हणालो. “बोलत हुती. दुधाची काळजी करत हुती. ती जित्ती हुती तेवढंच तू कापलंस. डाक्टरनं तिला एकदा मारली. तू दुसऱ्यांदा.”

कॅमेरावाला खाली बघायला लागला. साहेब म्हणाला, “उपकाराची जाणीव ठेवा. तुम्हाला कोण ओळखत होतं?”

मी चिमटा काढला. त्याच्या हातात दिला नाही. खाली टाकला. जन्मभर हातोड्यानं दगड फोडले, तो चिमटा टाचेनं फुटला.

“निघ,” मी म्हणालो. “आन् पुन्हा नदीवर जाशील तवा बूट काढून जा.”

दुसऱ्या दिवशी जीपवाल्याच्या दारात बसलो. तो म्हणाला, “दादा, मला त्यात घालू नका. दवाखान्याची भाडी मिळत्यात मला.” मी म्हणालो, “तुझ्या जीपमधी ती कशी चढली तेवढं सांग. जास्ती एक अक्षर नको.” तो आत गेला. मी उठलो नाही. रोज जाऊन बसतोय. अजून तो बोललेला नाही. बोलेल, नाहीतर रोज मला ओलांडून बाहेर जाईल.

आणि बाजाराच्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकासमोर उभा राहतो. वॉचमन ढकलतो. मी चार पावलं मागं जातो आणि तिथनं सांगतो. पेशंट घेऊन येणारी माणसं ऐकतात. काही जण वेडा म्हणतात. दोघी बायका परवा ऐकून मागं फिरल्या. डॉक्टरनं वरनं काच बंद केली. म्हणजे त्यालाही ऐकू येतंय.

मला रडायला सांगू नका. मी रडणार नाही. मला थोडक्यातही सांगता येत नाही. कावळ्याला दिलेला शब्द आहे, तो पुरा बोलायचा आहे. घशात आवाज आहे तोवर दर बाजाराला हेच बोलणार, कुठंही न कापता:

हौसा सोताच्या पायानं चढली. दुधावर झाकण टाक म्हणाली. तुमी सुई टोचली. हौसा मेली.