बोटीचं नाक खाली येईपर्यंत

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या माझ्या लेकीने, रेवाने, दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि एकच बक्षीस मागितलं: मामाच्या बोटीमागे लाटेवर उभं राहायचं. मला पोहता येत नाही. बादली भरून वाहायला लागली तरी मी दोन पावलं मागे सरकते. पण "पेपर होऊ देत, मग बघू" असं वर्षभर मीच म्हणत आले होते, त्यामुळे आता बघणं भाग होतं.

मंदार, माझा धाकटा भाऊ, नोकरी सोडून पवना धरणाच्या काठी राहतो. कोकणातून त्याने एक वापरलेली बोट आणली आणि तिथल्या दत्ताभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या शेताच्या टोकाशी धंदा मांडला. त्याच्याकडे दोन खेळ चालतात. वेकबोर्डिंगमध्ये पाय फळीला बांधून, दोरी धरून बोटीमागे सुसाट जायचं. वेकसर्फिंगमध्ये बोट हळू चालते, मागे मोठी लाट उठते आणि दोरी सोडून त्या लाटेवर नुसतं उभं राहायचं. रेवाला हे दुसरं हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, लोणावळ्यात ट्रान्सपोर्टवाल्याकडे माझं पार्सल आलंय, घेऊन ये. बोटीचा नवा पंखा आहे, प्रोपेलर. लावून बघायचा, पटला तर ठेवायचा, नाहीतर सोमवारी परत."

"जुन्याला काय झालं?"

"काही नाही गं. वेग घेताना बोटीचं नाक वर जातं, ते जरा उशिरा खाली येतं, एवढंच."

हे 'काही नाही गं' मी लहानपणापासून ओळखते. सायकलवरून पडून कोपर फोडून घेतलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

शनिवारी पुण्याहून जुन्या हायवेने निघालो. उजाडायच्या सुमारास वडगाव ओलांडलंत तर रस्ता तुमचा, नंतर सगळं पुणं तुमच्या पुढे असतं. लोणावळ्यात बाजारातल्या छोट्या हॉटेलात मिसळ खा, हायवेवरच्या मोठ्या ठिकाणी थांबू नका. पार्सल अपेक्षेपेक्षा जड निघालं. चार पात्यांचा पिवळट धातूचा पंखा, कडा इतक्या धारदार की मी तो जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवला. रेवा वाटभर हसत होती.

औंढ्याकडून दुधिवरे खिंडीचा रस्ता अरुंद आहे, वळणावर हॉर्न वाजवा. चढावर मी चौथा गिअर सोडायला तयार नव्हते आणि गाडी धापा टाकायला लागली. दुसरा टाकल्यावर इंजिन ओरडलं, पण गाडी मुकाट वर गेली. मंदारने पंख्याचं गणित मला नंतर याच खिंडीवरून समजावलं. पंख्याची पाती जास्त तिरकी असली की एका फेऱ्यात बोट लांब जाते, पण ओझं उचलताना दमते. तो चौथा गिअर. पाती कमी तिरकी असली की तो दुसरा. त्यात आपण समुद्रापेक्षा बरेच उंचावर, इथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद थोडी कमीच पडते. बोटीचा जुना पंखा होता तीन पात्यांचा, कोकणातल्या किनाऱ्यासाठी निवडलेला, म्हणजे चौथा गिअर; नवा म्हणजे दुसरा.

एप्रिलमध्ये धरणाचं पाणी आत सरकतं. काठाला भेगाळलेला चिखल असतो, चांगल्या चपला आणू नका. मी अर्थातच पहिला प्रश्न विचारला, की पोरगी पडली तर पंख्यात नाही ना जाणार? मंदारने हात धरून मला ट्रेलरवरच्या बोटीखाली वाकवलं. पंखा पोटाखाली, बराच पुढे होता. "अशीच बोट लागते सर्फिंगला. मागे बाहेर पंखा असलेल्या बोटीमागे कुणी कितीही आग्रह केला तरी उतरायचं नाही." वाचकहो, ही ओळ लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

आधी जुन्या पंख्यावर चक्कर मारायचं ठरलं. मोठी लाट हवी म्हणून बोटीच्या मागच्या पिशव्यांत पाणी भरतात. मंदारने वेग दिला आणि बोटीचं नाक वर उठलं. ते उठलं ते उठलंच. समोर धरण नाही, काठ नाही, नुसतं आभाळ. मंदार मान तिरकी करून बाजूने बघत होता. शेवटी नाक खाली आलं तेव्हा समोर, अगदी समोर, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावणारी एक बाई होती.

मंदारने वेग सोडला, बोट वळवली. मागून आलेल्या लाटेने ट्यूब वरखाली झाली. पलीकडच्या वाडीतल्या ठकूमावशी होत्या त्या. त्यांनी वल्हं आमच्यावर रोखलं.

"आरं ए मंदार! डोळं कुटं ठिवलं व्हतं? मी काय बदक हाय व्हय, बुडी मारायला?"

"चुकलं मावशी. दिसला नाहीत."

"न्हाई दिसले? मला तर तू लय लांबनं दिसत व्हतास!"

मंदारचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी रेवाला इतकं घट्ट धरलं होतं की ती "आई, दुखतंय" म्हणाली.

काठावर दत्ताभाऊंनी निदान केलं. "बोट उलाळ झालीया. बैलगाडीत मागं वझं जास्त झालं की धुरा वर जाती, तसं. म्होरं वझं टाका." आणि त्यांनी घरातून इंद्रायणीची पोती आणली. मावळात कुठल्याही प्रश्नाला तांदूळ हे उत्तर असतं. पोती नाकात रचली, पुन्हा निघालो. नाक खाली राहिलं खरं, पण मागची लाटच बसली आणि पहिल्याच वळणावर पाणी पुढून आत आलं. तांदूळ भिजले. दत्ताभाऊंच्या घरच्यांनी ते उन्हात पसरले आणि भाऊंना जे काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. जेवण मात्र त्यांच्याकडेच, माणशी दोनशे रुपयांच्या आत, पिठलं-भाकरी आणि वर पाहिजे तेवढा भात. कोरड्या पोत्यातला.

रविवारी सकाळी बोट ट्रेलरवर घेऊन नवा पंखा चढवला. मंदार काढलेला जुना पंखा उलटसुलट करून बघत होता. मी विचारलं तर म्हणाला, "याने वेकबोर्डच्या वेगाला इंजिन बोंबलणार, पेट्रोल जास्त पिणार. माझं निम्मं गिऱ्हाईक वेगवालं आहे, ताई." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तू माझ्या शेजारी बस. दत्ताभाऊ पलीकडच्या काठावर मावशींची लाल घोंगडी लावतील. नाक उठून ती दिसेनाशी झाली की 'गेली' म्हण, परत दिसली की 'दिसली'. तुझ्याइतकं घाबरून कोण बघणार?"

पिशव्या भरल्या, पोती काढली. मावशी पलीकडे घोंगडीशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मंदारने वेग दिला, नाक उठलं.

"गेली," मी म्हणाले, आणि तोंड मिटायच्या आत ओरडले, "दिसली!"

पुन्हा केलं. माणसं बसवून केलं. दर वेळी तेच. मग वेकबोर्डच्या वेगाला नेली तेव्हा इंजिन खरंच बोंबललं. बोट पलीकडच्या काठाला लागल्यावर मंदारने इंजिन बंद केलं.

"ठेवू या हाच," तो म्हणाला. "वेगवाले गेले तर जाऊ देत. काल नाक खाली आलं तेव्हा मावशी अजून थोड्या जवळ असत्या तर?"

मावशींनी घोंगडी झटकली. "म्हंजे आता मी दिसनार?"

"दिसणार, मावशी."

"मंग उद्या जाळं तितंच लावते."

दुपारी रेवा पाण्यात उतरली. तीनदा पडली, चौथ्यांदा उभी राहिली आणि तिने दोरी बोटीत फेकली. मला आनंद झाला असं लिहायला हवं. खरं सांगते, मला फक्त तिचं डोकं दिसत राहावं एवढंच वाटत होतं.

परतताना कामशेतमार्गे आलो. दिव्यांच्या वेळेला घरी. ही सहल करा, पण बोटीत बसण्याआधी चालवणाऱ्याला विचारा, की नाक वर असताना तुम्हाला काय दिसतं?

सोमवारी रेवा सायकल घेऊन मैत्रिणीकडे निघाली. मी गॅलरीत उभी राहिले, नेहमीसारखीच. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो आणि पुढे दूध डेअरीपाशी पुन्हा उघडा पडतो. मधला तुकडा आमच्या गॅलरीतून दिसत नाही.

ती टाकीपाशी वळली. "गेली," मी हळूच म्हणाले.

आणि कठडा धरून डेअरीकडे बघत राहिले.