खांद्याची तडजोड

द्राक्षबागेत बाईचे हात दिवसभर डोक्याच्या वर. मांडवाखाली उभं राहायचं आणि लटकलेल्या घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे. दिंडोरीकडच्या आमच्या बागेत हे काम माझ्याइतकं भरभर कुणाला जमत नव्हतं, असं मीच सांगते.

मांडवाची गंजकी तार तळहातात घुसली म्हणून नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात धनुर्वाताची लस घेतली. सिस्टरनं घाईत पार खांद्याच्या टोकाशी टोचली. आठवडाभरात उजवा हात वर जाईना. वेणी घालता येईना, तिथं कात्री कुठली धरणार? दवाखान्यात सांगायला गेले तर काउंटरवरूनच उत्तर मिळालं, "वयामुळे होतं असं, मावशी." माझं डोकंच फिरलं. सरळ ग्राहक मंचात दावा ठोकला.

घरी जाऊबाई म्हणाल्या, "बरी सुट्टी मिळाली कामाला." आमचे हे काहीच बोलले नाहीत. तारखेला मात्र गाडीवर बसवून न्यायचे.

शेवटी प्रकरण लोकअदालतीत तडजोडीला आलं. उपचाराचा खर्च आणि माझ्या जागी लावलेल्या बाईची मजुरी द्यायला दवाखाना तयार होता. फक्त कागदात लिहिलं होतं, चूक कुणाचीच नाही. म्हटलं, मग मी काय ढोंग करत होते? नाही करायची सही.

पॅनलवरच्या मॅडमनी विचारलं, "ताई, तुम्हाला हवंय तरी काय?"

समोर दवाखान्याचे डॉक्टर बसले होते, आज पहिल्यांदाच आलेले. मी त्यांना म्हटलं, "माझ्या खांद्याबद्दल एवढे कागद लिहिलेत तुम्ही. एकदा हात लावून तरी बघा."

त्यांचे वकील काहीतरी पुटपुटले. पण डॉक्टर उठले. माझा हात धरून हळूहळू वर नेला आणि अडकला तिथं थांबले. खांद्यावर अंगठा टेकवून म्हणाले, "सुई इथं दिली होती?"

"हो."

"फार वर दिली. लस ठीक होती, जागा चुकली. तुम्हाला त्रास झाला, ताई."

मला भरूनच आलं. पदरानं डोळे पुसले आणि त्याच कागदावर सही केली.

परतताना ह्यांनी टपरीवर चहा घेतला. अर्धा कप संपवला. मग म्हणाले, "म्हणजे तुझा हात खरंच दुखत होता गं."

मी बघतच राहिले. इतके दिवस मागे बसवून नेत होते, आणि मनात हे? असा राग आला, की घरी येईपर्यंत बोलले नाही.

आता व्यायामानं हात खालच्या घडांपर्यंत पोचतो. वरचे घड हे करतात, तेही असे की मला बघवत नाही. मी खालून बोलते, हे मुकाट ऐकतात. मधेच विचारतात, "दुखतोय का गं?" मी हो म्हटलं की लगेच मानतात.